अक्काने न बुडवलेली मंदा

फोन सकाळी आला. मी नांदेडला घरी मेथी निवडत बसलो होतो. निवृत्त मराठी मास्तरला सकाळी दुसरं काय काम असतं. लातूरहून अक्काच्या सूनबाई बोलत होत्या. "भाऊजी, अक्का लिंगैक्य झाल्या," एवढंच म्हणून त्या थांबल्या. मग हळूहळू सांगितलं. सकाळी पूजा झाली, कपाळाला विभूती लावली, चहा झाला. टीव्हीवर कुठलासा जुना सिनेमा लागला होता, तो बघत अक्का खुर्चीत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "हे काई खरं न्हाई." सूनबाईंना वाटलं, सिनेमाला म्हणतायत. त्यांनी स्वयंपाकघरातूनच "तर काय" म्हणून दुजोराही दिला. बाहेर येऊन बघतात तर... सूनबाई रडायला लागल्या आणि मला, खरं सांगतो, डोळे भरून आलेले असताना हसू आलं. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईचे शेवटचे शब्द म्हणजे सिनेमावरचं मत असावं, यात मला काही नवल वाटलं नाही.

अक्का माझी आत्या, वडिलांची सगळ्यांत धाकटी बहीण. माझ्याहून बारा वर्षांनीच मोठी. सासरी धाकट्या दिरांनी तिला अक्का म्हणायला सुरुवात केली आणि मग नवऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची ती अक्का झाली. आमचं गाव लोहा. कॉलेजसाठी मी लातूरला तिच्याकडे राहायला गेलो, तेव्हा तिची माझी खरी ओळख झाली. तिच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या मामांचं, गोलाईच्या बाजारात भुसाराचं छोटं दुकान होतं. अक्का सातवी शिकलेली, घराजवळच्या बालवाडीत पोरं सांभाळायची. आणि कादंबऱ्या वाचायची. विद्वानांच्या नव्हेत, वाचनालयात ज्यांच्या पाठपुठ्ठ्याला तीनतीनदा खळ लागलेली असते आणि मधल्या पानांवर हळदीची बोटं उमटलेली असतात, त्या. मी बी.ए.ला मराठी घेतलं त्या दिवसापासून ती मला मास्तर म्हणायला लागली आणि पुस्तकं बदलून आणायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव या गोष्टी तिनं कधी लक्षात ठेवल्या नाहीत. "ती दोन जावांची झाली वाचून. आता मोटारीखाली येतो त्या डॉक्टराची आन," असं ती सांगायची आणि मी वाचनालयात जाऊन तोंड वेंगाडून तेच सांगायचो. गंमत म्हणजे तिथल्या माणसाला ते बरोबर कळायचं.

मतं मात्र तिची ठाम असायची. कादंबरीत कोण काय खातं हे ती पहिल्यांदा बघायची. "तीनशे पानं झाली मास्तर, एका बाईनं अजून भाकरी टाकली न्हाई. सगळे नुसते सुस्कारे टाकायलेत. जगतेत कशावर?" चांदण्याचं वर्णन आलं की ती सरळ पान उलटायची. नायक कवी निघाला की तिचा चेहरा पडायचा, आता ह्याचं सगळं त्या बिचारीलाच निस्तरावं लागणार म्हणून. खलनायकाबद्दल तिला सहानुभूती असायची, कारण पुस्तकात काम करणारा तेवढा एकच माणूस असतो, असं तिचं निरीक्षण होतं. मी कॉलेजात शिकलेलं काहीबाही तिला ऐकवायला जायचो. ती कांदा चिरत ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "हे समदं खरं, पर तुला त्या पोरीची फिकीर वाटली का न्हाई?" वाटली नाही म्हटलं की माझं सगळं शास्त्र बाद.

आणि एखाद्या कादंबरीचा सिनेमा आला की अक्काला अंगात आल्यासारखं व्हायचं. पहिल्या आठवड्यात बघायचाच, आणि पुस्तक नव्यानं वाचून जायचं. मामा दुकान सोडून येत नसत, त्यामुळे शेजारची खुर्ची माझी. पुस्तकात माणूस पन्नास पानं आजारी असतो आणि सिनेमात एका खोकल्यात मरतो, ही तिची मुख्य तक्रार. गरिबाचं घर म्हणून जे दाखवतात त्यात आमची गल्ली राहिली असती, ही दुसरी. पण सगळ्यांत मोठा गुन्हा शेवट बदलण्याचा. एका सिनेमात, पुस्तकात एकटी राहिलेल्या बाईचं शेवटी लग्न लावून दिलं होतं. अक्का घरी आली, पोस्टकार्ड काढलं आणि निर्मात्याला लिहिलं: 'ज्याचं पुस्तक त्याचा शेवट. तुम्हाला आवडला नाही तर पुस्तक घ्यायचं नव्हतं.' पत्ता म्हणून निर्मात्याचं नाव आणि खाली मुंबई. उत्तर आलं नाही याचा राग तिनं पुढे दोन सिनेमांवर काढला.

एवढं सांगायचं कारण असं, की याच अक्कानं एकदा एका कादंबरीचा शेवट स्वतः बदलला. तेही एका पोरीला समोर बसवून, पुस्तकात असंच आहे म्हणून. ते खोटं त्या पोरीला कधी कळू नये, या एका काळजीनं तिला शेवटपर्यंत सोडलं नाही. हे मला एकट्याला माहीत होतं.

बहात्तरचा दुष्काळ. बालवाड्या बंद पडल्या आणि अक्काला औशाच्या पुढं, किल्लारीकडच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं तिथल्या पाळणाघरावर नेमलं. बाया मातीची घमेली वाहायच्या, त्यांची तान्ही लेकरं अक्कानं सांभाळायची. आठवडाभर ती औशाला नणंदेकडे राहायची आणि शनिवारी लातूरला यायची. पाळणाघर म्हणजे एक निंबाचं झाड आणि त्याला लुगड्यांच्या झोळ्या. दुपारच्या सुट्टीत बाया लेकरांना पाजायला यायच्या, सरकारी सुकडी खायच्या आणि उन्हाकडं बघत बसायच्या. अक्काच्या पिशवीत कादंबरी असायचीच. एकदा ती स्वतःशीच वाचत बसलेली बघून एकीनं विचारलं, काय लिव्हलंय त्यात? तिथून सुरू झालं. आधी वाचून दाखवायची. पण 'तिचे अंतःकरण विदीर्ण झाले' असं वाचलं, की बाया विचारायच्या, म्हंजी काय झालं? "पोटात तुटलं तिच्या," असं अक्का सांगायची. दोनचार दिवसांत वाचणं मागं पडलं आणि सांगणं सुरू झालं. पुस्तक मांडीवर उघडं ठेवायचं ते फक्त पुरावा म्हणून.

त्या वेळी मांडीवर होती ती मंदाची कादंबरी. मंदा नावाची सून, नवरा दुसरीच्या नादानं घर सोडून गेलेला, सासू-सासरे तिलाच पांढऱ्या पायाची म्हणतात, माहेरी भाऊ-भावजय दारात उभं करत नाहीत. अक्काची चूक एवढीच, की पुस्तक स्वतः पुरतं वाचायच्या आधीच तिनं ते सांगायला घेतलं. रोज संध्याकाळी औशाला दुसऱ्या दिवसापुरतं वाचायचं आणि दुपारी सांगायचं, असा तिचा कारभार. पुढं काय होणार हे बायांना जितकं माहीत नव्हतं तितकंच तिलाही.

त्या बायांत रुक्मीण होती. एकोणीस-वीस वर्षांची, आईबरोबर कामावर यायची. तिचंही मंदासारखंच झालं होतं. नवऱ्यानं टाकलं, सासरच्यांनी आणून सोडलं. कुणाशी बोलत नसे. बाकीच्या बाया मंदाच्या सासूला शिव्या घालायच्या, मधूनच हसायच्या, रुक्मीण फक्त ऐकायची आणि सुट्टी संपताना एकच विचारायची, "उंद्या मंदाचं काय व्हतंय?" एका दुपारी तिनं वेगळंच विचारलं. म्हणाली, "आक्का, कुठल्या गावातल्या हिरीला आजून पाणी हाय?" बाया म्हणाल्या, हिला बघा, हांडा घेऊन निघाली. सगळ्यांना वाटलं, प्यायच्या पाण्याचं विचारते. अक्काला तसं वाटलं नाही. ती मला नंतर म्हणाली, त्या पोरीच्या हातात हंडा नव्हता.

त्याच शनिवारी ती लातूरला आली आणि चुलीपुढं बसून शेवटची साठ पानं वाचून काढली. मी शेजारी परीक्षेचा अभ्यास करत होतो. एकदम पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. "मास्तर, बुडाली," अक्का म्हणाली. मंदा शेवटच्या प्रकरणात नदीवर जाते, काठावर चपला काढून ठेवते आणि भरल्या पाण्यात चालत जाते. अक्कानं मला रुक्मिणीचं सगळं सांगितलं. आता सोमवारी काय सांगू, असं विचारलं. मी वीस वर्षांचा, बी.ए. मराठी. मी म्हणालो, जसं आहे तसं सांगायचं, कलाकृतीशी प्रामाणिक राहायला पाहिजे. तूच तर पोस्टकार्ड पाठवतेस. अक्कानं पुस्तक पिशवीत टाकलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. वाद मी जिंकला, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

पुस्तकाची मुदत टळून गेली होती आणि ते माझ्या नावावर होतं, म्हणून बुधवारी मी ते आणायला एसटीनं गेलो. पोचलो तेव्हा दुपारची सुट्टी चालू होती. झोळ्यांतली लेकरं निजली होती. वीसपंचवीस बाया निंबाखाली बसल्या होत्या आणि अक्का मंदाला नदीवर घेऊन आली होती. पुस्तक मिटलेलं होतं. मी थोडा लांबच उभा राहिलो.

"मंदा नदीवर आली," अक्का सांगत होती. "काठाला चपला काढून ठिवल्या. डोळे मिटले. निघाली. चार पावलं गेली, धा पावलं गेली... पाय भिजंनात. डोळे उघडून बघती तर नदीत पाणीच न्हाई."

मग एक म्हातारी म्हणाली, "औंदा कुठलं आलंय पाणी." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुस्तक लिहिणाऱ्याला नसेल, पण त्यांना हे पूर्ण पटलं.

"आन् वाळू अशी तापलेली," अक्का पुढं म्हणाली, "की मंदाचे पाय पोळायला लागले. तशीच माघारी पळाली, चपला घालायला."

पहिल्यांदा ती म्हातारीच हसली. मग सगळ्या. पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत. जीव द्यायला निघालेली बाई चपलेसाठी परत फिरली, याचं त्यांना इतकं हसू येत होतं की झोळीतली दोन लेकरं जागी झाली. आणि मी बघितलं, रुक्मीण हसत होती. मोठ्यानं नाही, पण दात दिसत होते. "मंग?" तिनं विचारलं.

"मंग काय. चपला घालून नदी उतरून पल्याड गेली."

"पल्याड काय व्हतं?"

ह्याचा विचार अक्कानं केलेला नव्हता. तिची नजर माझ्याकडे आली, माझ्या नव्या शर्टावर थांबली आणि ती म्हणाली, "पल्याड... शिवणाची मशीन व्हती."

पुस्तक मी त्याच दिवशी परत नेलं. गोष्ट मात्र मृगापर्यंत चालू होती. पुस्तक नसताना अक्कानं मंदाला शिवण शिकवलं, तिच्या हातची चोळी तालुक्यात गाजवली, नवऱ्याला परत आणून दारात उभं केलं आणि बायांचं मत घेऊन हाकलून दिलं. शनिवारी ती घरी येऊन मला ठळक बातम्या द्यायची. मी तोंड वाकडं करायचो. हे वाङ्मयीन अपहरण आहे, असं मी तिला सुनावल्याचं आठवतं. "असू दे," ती म्हणाली. "रुक्मीण आज विचारत व्हती, मशीन शिकायला किती दिस लागतेत."

दुष्काळ सरल्यावर रुक्मीण खरंच लातूरला आली. अक्कानं तिला शिवणवर्गात घातलं, सहा महिने घरी ठेवून घेतलं. मग ती किल्लारीला गेली आणि मशीन टाकून बसली. पुढं भूकंप झाला, गाव नव्या जागी वसलं, मशीनही तिच्यासोबत नव्या घरात गेली. पण ते नंतरचं. त्याआधीची एक दुपार सांगायलाच हवी.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिता लिहिता रंगाऱ्यांना फुरसत नव्हती. मी तोवर नांदेडला खराखुरा मास्तर झालो होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत अक्काकडे आलो होतो. एका सकाळी रुक्मीण तलावावरच्या तीन जुन्या मैत्रिणींना घेऊन दारात हजर. कचेरीत दाखल्याचं काम होतं. पूर्वी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता कचेरी लातूरलाच आली म्हणून खुशीत होत्या. पण कचेरी राहिली बाजूला. "आक्का," रुक्मीण उंबऱ्यातूनच म्हणाली, "आपली मंदा टाकीजात आली की ओ."

मंदाचा सिनेमा निघाला होता. पोस्टरवर नदी, काठाला एक बाई. रुक्मिणीला अक्षरं वाचता येत नव्हती. सही आणि मापं तेवढी यायची. पण तिनं पोस्टरसमोरच्या माणसाला विचारून नायिकेचं नाव मंदा असल्याची खात्री करून घेतली होती. अक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिकिटं मिळत नाहीत म्हणाली. टाकीजातली मशीन बंद पडते म्हणाली. ढेकणं आहेत म्हणाली. शेवटी, सिनेमा अगदी टुकार आहे, मास्तरनं बघितलाय, असं माझ्या नावावर खपवलं. मी न बघितलेल्या सिनेमावर मान हलवली. "आसू द्या की," रुक्मीण म्हणाली, "आपल्या माणसाचा हाय. बघायलाच पायजे." दुपारच्या खेळाला आम्ही सहा जण रांगेत बसलो. अक्का मधे आणि रुक्मीण तिच्या शेजारी.

बायांनी सिनेमा डोळ्यांनी कमी आणि तोंडानं जास्त बघितला. मंदा घागर घेऊन चालायला लागली तशी रुक्मीण म्हणाली, "रिकामी हाय घागर. मान बघा की." पुढच्या रांगेतले नव्या कचेरीतले साहेबलोक वळून बघायला लागले. नदी पडद्यावर आली तेव्हा मात्र चौघी चिडीचूप झाल्या. दुथडी भरलेली नदी. एक जण हळूच म्हणाली, "लई पाणी दावलंय." दुसरी म्हणाली, "आटंल आता. शेवटाला आटती." अक्कानं माझा हात धरला. सिनेमा संपायला अजून वीस मिनिटं होती.

आणि अक्का उठली. "चला, किल्लारीची एसटी चुकंल," असं खड्या आवाजात म्हणाली. बाया गोंधळल्या. शेवट ऱ्हायला की, असं कुणीतरी म्हणालं. "शेवट आपल्याला ठाऊक हाय," अक्का म्हणाली आणि चौघींना पुढं घालून बाहेर काढलं. दारातून रुक्मिणीनं एकदा मागं वळून पडद्याकडं पाहिलं. स्टँडवर आलो तर एसटी दीड तास लेट. त्या दीड तासात अक्कानं सगळ्यांना केळी खाऊ घातली, चहा पाजला, साऱ्या जगाच्या गोष्टी काढल्या. सिनेमाचं नाव मात्र कुणी काढलं नाही. गाडी गेल्यावर अक्का तिथल्याच बाकावर बसली. जीव भांड्यात पडला होता तिचा. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सिनेमावाल्यानं पुस्तकाचा शेवट जसाच्या तसा ठेवलेला दिसतोय. तुझ्या आयुष्यातला पहिला प्रामाणिक सिनेमा, आणि तू तो अर्ध्यात सोडून आलीस." अक्का आधी रागानं बघायला लागली. मग आम्ही दोघं त्या बाकावर इतके हसलो की कंट्रोलर खिडकीतून डोकावला.

नंतर वाचनालयानं जुनी पुस्तकं काढून टाकली, तेव्हा मंदाची ती प्रत अक्कानं घरी आणली. दुसऱ्या कुणाच्या हाती पडून उगाच किल्लारीपर्यंत जायला नको, हे कारण. रुक्मीण दर दिवाळीला यायची. मापात बसणाऱ्या चोळ्या शिवून आणायची. प्रत्येक वेळी ती गेल्यावर अक्का म्हणायची, विचारलं न्हाई बरं का. दोन महिन्यांपूर्वी मी भेटायला गेलो, तेव्हा अक्काची नजर फार गेली होती, मतं मात्र शाबूत होती. मालिकांतल्या बाया झोपेतही दागिने काढत नाहीत यावर आमची चर्चा झाली. निघताना तिनं मला थांबवलं. "मास्तर, माझ्यामागं ती तुला विचारील. तू मेला खरं बोलणारा... चाळीस वर्सं पोरांना तेच शिकवलास." मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, बघू. हो म्हणायला काय जात होतं माझं... पण मास्तरकी अंगात मुरलेली.

अक्काच्या दिवसकार्याच्या, शिवगणाराधनेच्या, दुसऱ्या दिवशी रुक्मीण आली. गुडघे धरलेले, काठी टेकत. सत्तरी ओलांडलेली बाई. अक्काच्या खुर्चीला हात लावून नमस्कार केला, सूनबाईंच्या गळ्यात पडून रडली. मग पदरानं तोंड पुसून माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, ते पुस्तक हाय का हो घरात? मंदाचं?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. नाही म्हणालो असतो तर संपलं असतं. पण सूनबाई आतून म्हणाल्या, "आहे की, अक्कांच्या ट्रंकेत," आणि आणूनही दिलं. "त्याचा शेवट वाचून दावा मला," रुक्मीण म्हणाली. "आक्का हुती तवर इचारायला जीभ रेटली न्हाई."

मी शेवटचं प्रकरण काढलं. पन्नासएक वर्षांपूर्वी अक्कानं हेच पान चुलीपुढं वाचून मिटलं होतं. आता ती नाही, आणि निंबाखालची ती पोरगी म्हातारी होऊन माझ्यासमोर कान देऊन बसलेली. वाचायला सुरुवात केली. मंदा घरातून निघाली, गावाबाहेर आली, नदीवर पोचली. पानावर छापलं होतं, 'नदी दुथडी भरून वाहत होती.' मी वाचलं, "नदी कोरडी पडली होती." आवाज थोडा चोरटा झाला. पुस्तकात नसलेलं वाचलं म्हणून पोरांना बाकावर उभं करणारा मी. "मंदाने डोळे उघडले. समोर नुसती वाळू होती. ती चालत पलीकडे गेली."

"चपला?" रुक्मीण म्हणाली.

"काय?"

"पाय पोळले म्हणून माघारी आली न्हाई का ती? चपला घालाया?"

रुक्मीण हसत होती. तेच दात, दोन कमी. "दादा, मी तो शिनिमा फुडल्या हप्त्यात येऊन बघितला," ती म्हणाली. "मशीनच्या सुया आणायला आलते. एकलीच जाऊन बसले. बुडाली तिकडं ती. पुस्तकात बी बुडत आसंल, हे तवाच कळलं मला. निंबाखालीच कळाया पायजे व्हतं खरं तर. पुस्तक तुम्ही नेलाव, आन् गोस्ट चालूच."

"अक्काला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "जन्मभर धास्ती घेतली तिनं."

"कसं सांगू? तिनं माझ्यासाठी नदी आटवली, आन् मी तिला म्हनू, पाणी हाय म्हणून?"

मग तिनं काठी बाजूला ठेवली, भिंतीला टेकून बसली आणि पुस्तकाकडं बोट केलं.

"वाचा की, थांबलाव का... पल्याड जाऊ द्या तिला."

पानावर पाणी मंदाच्या गळ्यापर्यंत आलं होतं. मी पुस्तक नीट धरलं आणि सूनबाईंनाही आत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, की मंदा माघारी आली, तिनं चपला घातल्या आणि ती चालू लागली.